गिटारवाल्यांना जुनीच यंत्रं का लागतात?

मार्च २०२२ मध्ये रशियाने बऱ्याच मालाची निर्यात रोखली. त्यात सारातोव शहरातल्या एका कारखान्याचा मालही अडकला आणि जगभरचे गिटारवादक हवालदिल झाले. तिथे व्हॅक्यूम ट्यूब बनत होत्या. कारखाना माइक मॅथ्यूज यांच्या अमेरिकन कंपनीचा. हेच मॅथ्यूज गिटारचे पेडल, म्हणजे आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्या, बनवणाऱ्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचेही मालक. पुढे पुरवठा सुरू झाला, पण तोवर दुकानांतला साठा उचलला गेला होता आणि किमती चढल्या होत्या.

व्हॅक्यूम ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह. हवा काढून घेतलेली काचेची नळी, आत तापणारी तार आणि धातूच्या जाळ्या. विजेची क्षीण लहर एका बाजूने आत गेली की दुसऱ्या बाजूने मोठी होऊन बाहेर पडते. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली ही युक्ती शोधली. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. तो लहान, थंड आणि टिकाऊ. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत रेडिओ, टीव्ही आणि संगणकातल्या ट्यूब हद्दपार झाल्या. गिटारवाल्यांनी मात्र त्या सोडल्या नाहीत. पंचवीस-तीस किलोचा, तापणारा अ‍ॅम्प्लिफायर ते अजूनही जिन्यावरून चढवतात. नुसते ट्यूबच नाहीत, साठ वर्षांपूर्वीच्या सर्किटच्या आकृतीवर बनलेली पेडल, फिरत्या टेपचे एको, बंद पडलेल्या कंपन्यांचे पार्ट, सगळंच त्यांना हवं असतं.

हौस, स्मरणरंजन, थोडा तोरा, असं याचं उत्तर कोणी दिलं तर ते चूक नाही. पण त्याआधी एक तांत्रिक कारण आहे आणि ते समजायला अवघड नाही.

अर्धं वाद्य खोक्यात असतं

इलेक्ट्रिक गिटार वायर न जोडता वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू येत नाही. तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की या वेढ्यांत अगदी किरकोळ वीज उमटते. ती वीज अ‍ॅम्पमध्ये जाते, वाढते आणि स्पीकरला हलवते.

घरच्या म्युझिक सिस्टिममध्येही हेच घडतं, पण तिचं काम वेगळं. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते जसंच्या तसं पोचवायचं, स्वतःचं काही मिसळायचं नाही. इथे नवं यंत्र जुन्यापेक्षा चांगलं असतं यात वाद नाही. गिटारच्या अ‍ॅम्पकडून ही अपेक्षाच नसते. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही वाजवत नाही, आणि आपला कान वीस हजारांपर्यंत ऐकू शकतो. म्युझिक सिस्टिमला असा स्पीकर निघाला तर आपण तो परत करायला जाऊ. गिटारला मात्र तोच लागतो, कारण वरचा भाग कापला गेला नाही तर कानाला टोचणारी खरखर ऐकू येते. पिकअप, वायर, अ‍ॅम्प, स्पीकर यांतला प्रत्येक जण आवाजात काहीतरी घालतो किंवा त्यातून काढतो. वादकाच्या दृष्टीने अ‍ॅम्प बदलला की वाद्यच बदललं.

सुरुवात बिघाडातून झाली

कॅलिफोर्नियातले लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ट्यूब बनवणाऱ्या कंपन्या ग्राहकांसाठी सर्किटच्या नमुना आकृत्या छापत, त्यांच्या आधाराने त्यांनी अ‍ॅम्प बनवले. हेतू सरळ होता, आवाज मोठा आणि स्वच्छ असावा. पण १९५०च्या दशकातले अ‍ॅम्प लहान होते. गर्दीच्या हॉलमध्ये ऐकू यावं म्हणून वादक बटण शेवटपर्यंत फिरवायचे आणि अ‍ॅम्पची ताकद संपली की आवाज फाटायचा. या फाटण्याला डिस्टॉर्शन म्हणतात. अभियंत्यांसाठी तो दोष होता, पण वादकांना त्यात गंमत वाटू लागली.

मग लोक मुद्दाम बिघाड करायला लागले. किंक्स या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरचा एक भाग बिघडला होता आणि त्यातून गेलेला बेस गिटारचा तुकडा घरघरत रेकॉर्ड झाला. १९६१ साली ते गाणं गाजलं. ग्लेन स्नॉडी या रेकॉर्डिंग अभियंत्याने मग त्याच आवाजासाठी एक सर्किट बांधलं आणि गिब्सन कंपनीने १९६२ साली ते ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ नावाने पायाने दाबायच्या डबीत विकायला आणलं. सुरुवातीला ते फारसं खपलं नाही. १९६५ साली रोलिंग स्टोन्स या बँडच्या कीथ रिचर्ड्सने एका गाण्याच्या सुरुवातीला ते वापरलं. त्याला त्या जागी ब्रासवाद्यं हवी होती, फझचा तुकडा त्याच्या दृष्टीने कच्चा आराखडा होता. तोच जगाच्या कानात बसला.

लंडनमध्ये तर नुसत्या सुट्या भागांच्या उपलब्धतेमुळे एक नवा आवाज जन्मला. जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. अमेरिकेतून येणारे फेंडरचे अ‍ॅम्प महाग पडत, म्हणून १९६२च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी फेंडरच्या ‘बासमन’ची नक्कल करायला घेतली. आकृती जवळपास तीच होती. ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळतील ते घेतले, स्पीकर सेलेस्टियन कंपनीचे बसवले. तयार झालेला अ‍ॅम्प मूळ बासमनपेक्षा लवकर फाटायचा आणि जास्त गुरगुरायचा. पुढच्या दशकभराचं ब्रिटिश रॉक त्यावर उभं राहिलं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढच्या पिढ्यांनी गिटारचा आवाज म्हणून जो ऐकला, तो त्या वर्षांतल्या मर्यादांतून घडलेला होता. व्हायोलिन कसं ऐकू यावं हे जसं आता कोणी नव्याने ठरवत नाही, तसंच गिटारचंही झालं.

लाट कापली जाते तेव्हा काय होतं?

तार छेडली की एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक स्वर निघतात. त्यांना उपस्वर म्हणू. दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला सा, तिप्पट म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. अ‍ॅम्पची ताकद संपली की विजेच्या लाटेचा माथा कापला जातो आणि त्या कापण्यातून मुळात नसलेले किंवा क्षीण असलेले उपस्वर नव्याने निर्माण होतात. तंबोऱ्याच्या जवारीत दोरा सरकवला की तार घोडीला हलकेच घासते आणि आवाज भरून येतो, उपस्वरांनी झगमगतो. मार्ग वेगळा आहे, कारण तिथे तार घासते आणि इथे वीज कापली जाते. पण स्वच्छ तारेपेक्षा घासलेली तार जास्त बोलते, हे मराठी कानाला समजावून सांगायची गरज नाही.

मुद्दा कापण्याच्या पद्धतीचा आहे. ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये लाटेचा माथा बराचसा गोलाईने दबत जातो. हलकं वाजवलं तर आवाज स्वच्छ, थोडा जोर दिला तर कड खरबरीत, आणखी जोर दिला तर पूर्ण फाटलेला. हे सगळं बोटांच्या ताकदीवर होतं, बटणाला हात न लावता. साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये मर्यादा येईपर्यंत काहीच होत नाही आणि मग माथा करवतीने कापल्यासारखा एकदम सपाट होतो. म्युझिक सिस्टिमसाठी हे उत्तम, कारण त्या मर्यादेपर्यंत कोणी जातच नाही. गिटारवादकाचा मुक्काम मात्र त्या सीमेवरच असतो.

आणखी एक गोष्ट घडते. काही जुन्या अ‍ॅम्पमध्ये वीजपुरवठ्याच्या भागातही ट्यूब असते. जोरात तार छेडली की आतल्या विजेचा दाब क्षणभर पडतो आणि मग सावरतो. त्यामुळे स्वराचा पहिला फटका दबतो आणि पाठोपाठ तो फुगून वर येतो. वादक याला ‘सॅग’ म्हणतात. वीजपुरवठा सुधारून नव्या रचनांनी हा दोष काढला आणि बरेच वादक जुन्या रचनेकडे परतले.

रॉकमध्ये गिटारवाले बऱ्याचदा नुसते सा-प वाजवतात, तेही यामुळेच. फाटणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनांची बेरीज आणि वजाबाकी होऊन आणखी स्वर उमटतात. सा आणि प यांचं प्रमाण दोनास तीन. वजा केलं की उरतो एक, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. न वाजवलेला खर्ज आपोआप मिळतो आणि सहा तारांची गिटार अंगापेक्षा मोठी वाटते. तीच गंमत चार-पाच वेगवेगळ्या स्वरांच्या कॉर्डवर केली तर बेरीज-वजाबाकीचा चिखल होतो. एका संपूर्ण संगीतप्रकाराची स्वररचना अशी यंत्राच्या दोषाने ठरवून दिली. मला या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

पेडल गिटारचं ऐकतं

१९६६ साली आलेलं ‘फझ फेस’ हे पेडल उघडून पाहिलं तर हसू येईल. दोन ट्रान्झिस्टर आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे इतर भाग. शाळकरी मुलगा जोडू शकेल. जिमी हेंड्रिक्स ते वापरायचा.

आधुनिक यंत्र गिटारमधून येणारी वीज नुसती वाचतं, ती ओढून घेत नाही. त्याच्या प्रवेशाचा विद्युतरोध दहा लाख ओहमच्या घरात असतो. फझ फेसचा रोध काही हजार ओहमच असतो. त्यामुळे ते गिटारच्या पिकअपला चक्क ओढतं आणि पिकअपचे वेढे, वायरची लांबी, गिटारवरचं आवाजाचं बटण हे सगळे त्या सर्किटचा भाग होऊन बसतात. गिटारचं बटण थोडं कमी केलं की आवाज नुसता लहान होत नाही, तो स्वच्छ आणि काचेसारखा होतो. पुन्हा वाढवलं की आग. मुरलेले वादक पेडल एकदा चालू करतात आणि बाकी सगळं गिटारच्या बटणावर करतात.

मध्येच एखादं चांगलं, आधुनिक, सिग्नल बळकट करणारं पेडल बसवलं तर ही जुगलबंदी संपते आणि तेच फझ कर्कश वाटू लागतं. नवी यंत्रं आणून आवाज बिघडला ही तक्रार इथे भ्रम नसते.

याचा त्रासही मोठा. सुरुवातीच्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. उन्हात ठेवलेल्या मंचावर त्यातून वीज गळायला लागते आणि आवाज अडखळतो, विरतो. शिवाय दोन ट्रान्झिस्टर सारखे निघत नसत, त्यामुळे एक पेडल दैवी तर त्याच खोक्यातलं दुसरं निव्वळ कचरा. पुढे सिलिकॉन आलं, स्थिर आणि एकसारखं, पण आवाजाने जरा जास्त धारदार. जर्मेनियमवाले आणि सिलिकॉनवाले अजून भांडताहेत.

जुनं म्हणजे ट्यूबच, असं नाही

रोलंडचा जेसी-१२० हा अ‍ॅम्प १९७५ साली आला. तो पूर्ण ट्रान्झिस्टरचा आहे, आणि तेच मॉडेल आजही बनतं. अगदी स्वच्छ, किंचित थंड आवाज हवा असेल तेव्हा ट्यूबचे भक्तही गुपचूप त्याच्याकडे जातात. म्हणजे ट्यूब श्रेष्ठ आणि ट्रान्झिस्टर हलका, एवढं सोपं हे प्रकरण नाही.

त्याहून मजेशीर उदाहरण बॉस कंपनीच्या ‘एचएम-२’ या पेडलचं. १९८३ साली आलेलं हे पेडल १९९१ साली बंद झालं. त्याच काळात स्टॉकहोममधल्या तरुण डेथ मेटल बँडनी, विशेषतः एन्टूम्ड या बँडने, त्याची सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली. लाकूड कापणाऱ्या यंत्रासारखा तो आवाज बनवणाऱ्यांच्या मनात असणं शक्य नव्हतं. पण त्या शैलीची ती ओळख झाली आणि जुन्या पेडलना मागणी इतकी वाढली की २०२१ साली कंपनीने स्वतःच ते नव्याने आणलं. इथे ट्यूबचा काही संबंध नाही. एका शैलीचा आवाज एका यंत्रात अडकला, एवढंच.

एकोचं कारण पुन्हा निराळं. रोलंडच्या ‘स्पेस एको’मध्ये (१९७४) खरीखुरी टेप फिरते. स्वर टेपवर उमटतो, थोड्या अंतरावरच्या हेडवर वाजतो, पुन्हा उमटतो. प्रत्येक फेरीत वरचे उपस्वर झिजतात आणि टेपच्या किंचित डुगडुगण्याने स्वर हलतो. प्रतिध्वनी मंद होत मागे सरकतो आणि आता वाजणाऱ्या स्वराला जागा देतो. सुरुवातीच्या डिजिटल एकोत प्रत्येक पुनरावृत्ती मूळ स्वराइतकीच लख्ख असे, त्यामुळे दोघांची टक्कर व्हायची. आजचे डिजिटल एको ही झीज मुद्दाम घालतात.

मग संगणकाला हे जमत नाही का?

जमतं, आणि फार चांगलं जमतं. जुन्या यंत्राच्या वागण्याचं गणित मांडून तो आवाज काढण्याला मॉडेलिंग म्हणतात. १९९८च्या लाइन ६ कंपनीच्या ‘पॉड’पासून ते घरोघर पोचलं. २०११ साली केम्पर कंपनीने पुढचं पाऊल टाकलं. समोर ठेवलेल्या खऱ्या अ‍ॅम्पमधून चाचणीचे आवाज सोडायचे, तो काय करतो ते मोजायचं आणि त्याची प्रत साठवायची. आता हेच न्यूरल नेटवर्क वापरून होतं. मेटॅलिका या बँडने डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकात कार्यक्रम केला. तिथे मोठ्या अ‍ॅम्पचा गोंगाट चालणार नव्हता, म्हणून प्रेक्षकांनी संगीत हेडफोनवर ऐकलं. अशा ठिकाणी ट्यूबचे डोंगर नेण्याचा प्रश्नच येत नाही.

रेकॉर्डिंग ऐकून खरा अ‍ॅम्प कोणता आणि नक्कल कोणती हे ओळखणं आता भल्याभल्यांना कठीण जातं. ट्यूबवाले डिजिटल आवाज उशिरा येतो असंही म्हणतात. तो उशीर आजच्या चांगल्या यंत्रात काही मिलिसेकंदांचा असतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभा राहणारा वादक नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकतच असतो आणि त्याबद्दल कधी तक्रार करत नाही. हा आक्षेप मला लंगडा वाटतो.

खरा फरक ऐकणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याला जाणवतो. खोलीत मोठा अ‍ॅम्प चालू असला की त्याच्या आवाजाने गिटारच्या तारा पुन्हा हलतात, स्वर संपायचा थांबतो, फीडबॅक नावाची गुंज सुरू होते. वादक दोन पावलं सरकून ती बदलतो. हेडफोनमध्ये हे घडत नाही. आणि फझ फेसच्या बाबतीत पाहिलं तसं, पिकअपला ओढणाऱ्या सर्किटची नक्कल करायची तर यंत्राला गिटारकडून येणारी वीज नुसती वाचून भागत नाही. काही नव्या यंत्रांनी प्रवेशाचा रोध बदलण्याची सोय त्यासाठीच दिली आहे.

हे मनाचे खेळ तर नाहीत?

बरेचसे आहेत. २०१० साली इंडियानापोलिसमध्ये क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर काळे गॉगल चढवून त्यांना नवी आणि जुनी इटालियन व्हायोलिनं वाजवायला दिली. सर्वात जास्त पसंती मिळाली एका नव्या वाद्याला आणि सर्वात कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला, म्हणजे जुन्या इटालियन व्हायोलिनांतल्या सर्वात नावाजलेल्या घराण्यातल्या वाद्याला. गिटारच्या जगात तशी चाचणी घेतली तर अनेक दंतकथांचं असंच होईल, अशी माझी पक्की समजूत आहे.

‘क्लॉन सेंटॉर’ हे पेडल बिल फिनेगन यांनी १९९४ साली आणलं. आतलं सर्किट काळ्या राळेने झाकलेलं, त्यामुळे गूढ वाढलं आणि वापरलेली पेडल हजारो डॉलरना जाऊ लागली. राळ खरवडून लोकांनी आकृती काढली, असंख्य नकला बाजारात आल्या. फिनेगन यांनी पुढच्या पेडलवर एक ओळच छापली, या हास्यास्पद गाजावाजाला मी जबाबदार नाही, अशा अर्थाची.

शिवाय १९५०-६० मधलं जे रद्दी होतं ते केव्हाच कचऱ्यात गेलं. जपून ठेवलं गेलं ते चांगलं होतं म्हणूनच, त्यामुळे जुनं ते सगळं सोनं असा भास होतो. त्या काळी पिकअपच्या वेढ्यांची संख्याही नगागणिक कमीजास्त व्हायची.

मनाचे खेळ म्हणून सगळंच झटकून टाकावं असंही नाही. क्वीन या बँडचा ब्रायन मे अजूनही ‘रेड स्पेशल’ ही गिटार वाजवतो. ती त्याने वडिलांबरोबर १९६३ साली बनवायला घेतली, गळ्याला जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरलं. गायक विली नेल्सनची ‘ट्रिगर’ ही गिटार १९६९ची, आणि तिच्या अंगाला वाजवून वाजवून भोक पडलं आहे. यांच्या हातांना त्या लाकडाची इंच न् इंच माहिती आहे. मोजमापात नवं वाद्य वरचढ ठरेलही, पण ती माहिती नव्याने कमवायला आणखी पन्नास वर्षं लागतील.

जपायचं तर काय करावं लागतं?

ट्यूब आता मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियातले मोजके कारखाने बनवतात. २०२२ साली दिसलं तेच, एक दरवाजा बंद झाला की सगळ्यांची पंचाईत. अ‍ॅम्पमधले विद्युत साठवणारे कपॅसिटर काही दशकांनी सुकतात आणि बदलावे लागतात. साठच्या दशकातल्या अनेक अमेरिकन अ‍ॅम्पना अर्थिंगची तिसरी पिन नाही, तेव्हा असा अ‍ॅम्प हाती आला तर वाजवण्याआधी जाणकाराकडून तीन पिनांची वायर लावून घ्या. आणि आत बोट घालू नका. चारशेहून अधिक व्होल्ट असू शकतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात.

पण एक सोय आहे. हे भाग मोठे, सुटे आणि हाताने डाग देण्याजोगे असतात. आकृती उपलब्ध आहे, माहीतगार माणूस तासाभरात दोष शोधतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या डिजिटल यंत्राची चिप जळली आणि कंपनीने ती बनवणं थांबवलं असेल तर बहुतेक वेळा मामला तिथेच संपतो. तरी तिथेही लोक चिवट आहेत. लाइन ६ची हिरवी ‘डीएल४’ ही १९९९ची डिजिटल एकोची पेटी. ती तंत्राने केव्हाच मागे पडली, बटणं दगा देतात, आणि तरीही कित्येकांच्या पायाशी ती आहे, कारण तिच्यावर लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, कसा उचलायचा हे पायाला पाठ झालं आहे. कंपनीने २०२२ साली तिची नवी आवृत्ती काढली, रंग हिरवाच ठेवला.

बरेच व्यावसायिक वादक आता मधला मार्ग घेतात. दौऱ्यावर डिजिटल प्रत, घरी खरा अ‍ॅम्प. विमानात वजन वाचतं, रोज रात्री आवाज तोच मिळतो, ट्यूब फुटायची भीती नाही. मात्र अ‍ॅम्पची अशी प्रत बहुतेक वेळा बटणांच्या एकाच मांडणीची असते. ट्रेबल दोन घरं कमी आणि आवाज थोडा जास्त अशी दुसरी मांडणी नेमकी हवी असेल तर त्याच अ‍ॅम्पसमोर पुन्हा माइक लावावा लागतो, आणि त्यासाठी तो चालू अवस्थेत असावा लागतो.